एका नारळाला दोन काशीराम

बाबुरावांनी गल्लीच्या तोंडाशी फळा टांगला, त्या दिवसापासून कुणी नावानं हाक मारली तरी धुडकू दचकायला लागला.

फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : जाहीर चर्चा. विषय, बेकायदा घुसखोरी कमी कशी करावी. रविवार, दुपारी चार. गणपतीच्या मांडवाची जागा. आणि खाली बारीक अक्षरात : प्रत्येकानं मिलचा गेटपास आणि रेशनकार्ड घेऊन यावं. दोन्हींवर नाव एकच पाहिजे.

वरचं सगळं धुडकूनं मान डोलवत वाचलं. घुसखोरी कमी व्हावी असं त्यालाही वाटत होतं, कुणाला वाटत नाही. शेवटची ओळ वाचली आणि हातातली दुधाची पिशवी सुटून खाली पडली. दूध वाहत वाहत बाबुरावांच्या दारात गेलं. नेमकं तिथंच गेलं.

साल सत्त्याण्णव. प्लेगला तीन वर्षं होऊन गेली होती, सुरत धुऊनपुसून चकचकीत झाली होती, आणि पेपरवाल्यांना छापायला नवीन काही पाहिजे होतं. रोज येई, शहरात बांगलादेशी घुसलेत. पांडेसऱ्याच्या या गल्लीत तो प्राणी अजून कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. सगळी अमळनेर-पारोळ्याकडची माणसं, दोनचार घरं मराठवाड्यातली. पण शेजारच्या वस्तीत महिन्यापूर्वी अशीच चर्चा झाली, फौजदार स्वतः आला, पेपरात फोटो छापून आला. बाबुराव आपल्या मंडळाचे अध्यक्ष, शिवाय महापालिकेच्या तिकिटावर डोळा. त्या फोटोनं त्यांची झोप उडवली होती.

"आधी आपलं घर झाडायचं," ते चहाच्या टपरीवर सांगत होते, "मग दुसऱ्याच्या अंगणाकडं बोट दाखवायचं. नाव जुळलं तर निळी वही. नाही जुळलं तर लाल वही. लाल वही फौजदारसाहेबांच्या हातात."

"आणि मग?" धुडकूनं विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"मग साहेब आणि ते. आपल्याला काय करायचंय?" बाबुराव म्हणाले. "तू का घामाघूम झालास?"

"चहा गरम आहे," धुडकू म्हणाला. चहा अजून त्याच्या हातात आला नव्हता.

आता यात घाम फुटण्यासारखं काय होतं ते सांगायला पाहिजे. सुरतच्या रंगाच्या मिलमध्ये एक वेळ सोन्यासारखी बायको मिळेल, पण नवा गेटपास मिळणं मुश्कील. म्हणून गावी परत जाणारा माणूस पास घेऊन जात नाही, गाववाल्याच्या हातात ठेवून जातो. याला बदली म्हणतात. पास तोच राहतो, त्याच्यामागचा माणूस बदलतो. धुडकूच्या गावचा काशीराम सुका पाटील सहा वर्षांमागं पाठीच्या दुखण्यानं घरी गेला, जाताना आपला पास धुडकूला देऊन गेला. तेव्हापासून धुडकू घरात धुडकू आणि मिलच्या फाटकाच्या आत काशीराम. पासावरच्या फोटोवर इतके रंग उडाले होते की आत माणूस आहे की वांगं आहे हे सांगता येऊ नये. मुकादम काशीराम म्हणून शिवी द्यायचा, धुडकू ती घ्यायचा. कुणाचं काही अडत नव्हतं.

म्हणजे आता पास काशीरामाचा आणि रेशनकार्ड धुडकूचं. लाल वही.

त्यात टपरीवर रोज नवी बातमी. इच्छापोरच्या एका हमालाला म्हणे साहेबांनी नाव विचारलं, तो चाचरला, तर त्याला उचलून गाडीत घातला आणि थेट बॉर्डरवर नेऊन सोडला. पलीकडचे शिपाई त्याला घेईनात, अलीकडचे परत येऊ देईनात. तो बिचारा मधल्या नदीत उभा आहे. सोमवारी ऐकलं तेव्हा तो गुडघाभर पाण्यात होता. बुधवारी कमरेला लागलं. शुक्रवारी दुसऱ्या पाळीपर्यंत पाणी त्याच्या हनुवटीला आलं होतं आणि धुडकूला पोहता येत नव्हतं.

सोमवारीच घरी येऊन त्यानं शोभाबाईला विचारलं होतं, "आपल्याकडं मला धुडकू म्हणणारा कागद कुठला कुठला आहे?"

"रेशनकार्ड," शोभाबाई म्हणाली. "दुसरा कोण देतो तुम्हाला कागद?"

त्याच दिवशी त्यानं काशीरामाला पोस्टकार्ड टाकलं. मजकूर असा : स. न. वि. वि. इकडे सर्व खुशाल. तुमचे रेशनकार्ड दोन दिवसांकरिता ताबडतोब पाठवणे. कारण विचारू नये. कार्ड फाडून टाकणे. यातलं कोणतं कार्ड फाडायचं हे लिहायचं राहून गेलं, आणि त्या विचारानं आणखी दोन दिवस तो पोस्टाच्या पेटीभोवती घिरट्या घालत राहिला.

रविवारी सकाळी सातला दारावर थाप पडली. धुडकूला वाटलं, जीप आली. तो मोरीत जाऊन बसला. शोभाबाईनं दार उघडलं. बाहेर भुसावळ पॅसेंजरनं उधन्याला उतरून चालत आलेला खुद्द काशीराम. खांद्यावर कळण्याच्या पिठाची पिशवी, एक हात कमरेवर.

"कागद काय धाडू भो," तो मोरीच्या दाराकडं बघून म्हणाला, "मीच उनू."

"तू कशाला आलास?" धुडकू आतूनच म्हणाला.

"बायको कार्ड सोडेना. साखर सुटली का पहिली तीच उभी राहते रांगेत. म्हणे, कार्ड जाईल तिथं तू जा, आणि दोघं परत या."

काशीरामाला घरात घेतलं, दार लावलं, खिडकीला लुगडं लावलं. धुडकूनं सगळी भानगड सांगितली. काशीरामानं शांतपणे ऐकली. आपलं नाव आपल्यामागं सुरतेत एवढं कामाला येतंय हे ऐकून तो जरा सुखावलाच.

"मंग काय भ्यायचं त्यात?" तो म्हणाला. "कार्ड घे, जा, दाखव. मी पडतो आठे, घरात. पाठ गेली गाडीत."

"बाहेर येऊ नको. चर्चा संपेपर्यंत डोकं बाहेर काढू नको."

"माझं तिथं कोण आहे?" काशीराम म्हणाला आणि आडवा झाला.

तरी धुडकूची भीती शांत होईना. समजा झडती झाली, घरात दोन कार्डं सापडली, एक काशीराम, एक धुडकू. मग? त्यानं पिठाच्या डब्यातून आपलं कार्ड काढलं. शोभाबाई आडवी आली.

"अहो, ते असू द्या. कधीतरी लागेल."

"लागेल तेव्हा बघू. आज ते मला बुडवेल," धुडकू म्हणाला. मिलच्या मागच्या नाल्यात त्या दिवशी लाल रंग सोडला होता. त्यानं कार्डाच्या चार घड्या केल्या आणि टाकलं. कार्ड पाण्यात पडून हळूहळू उलगडलं, नाव वर करून दहा पावलं तरंगलं, आणि पुलाखाली गेलं. जाताना पार लाल झालं होतं.

साडेतीनला तो मांडवात टेबलापुढं उभा राहिला. बाबुरावांनी पास बघितला. कार्ड बघितलं. परत पास बघितला. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"जुळलं," ते म्हणाले. "काशीराम सुका पाटील. जुळलं रे बाबा. बस, तिकडं पुढच्या रांगेत बस."

आता बाबुराव त्याच गल्लीत राहणारे. धुडकूला सहा वर्षं धुडकू म्हणून ओळखणारे. पण त्या क्षणी त्यांना माणूस दिसत नव्हता, फक्त जुळलेलं नाव दिसत होतं. टेबलाची हालत बघितल्यावर धुडकूला कारण कळलं. निळी वही कोरी होती. तिच्यावर पहिलं आणि एकच नाव आत्ता पडलं होतं. लाल वही भरून संपली होती आणि पुठ्ठ्यावर लिहायला सुरुवात झाली होती. एकशे तीस माणसं आली होती आणि धुडकू सोडून एकाचंही नाव एकाशी जुळत नव्हतं. शेजारच्या खोलीतला उखा मिलमध्ये कुणी नितीन होता. भगवानच्या पासावर मेलेल्या माणसाचं नाव होतं. सगळी गल्ली बदलीवर होती. प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच.

हे बघून हायसं वाटायला पाहिजे होतं. धुडकूची धास्ती मात्र वाढली. गर्दीत लपायचं सोडून तो एकटाच डोळ्यांत भरला होता.

स्टेजवर फौजदार, शेजारी ठाकोरभाई. ठाकोरभाई म्हणजे गल्लीतल्या सगळ्या माणसांना मिलमध्ये लावणारा कॉन्ट्रॅक्टर. माईक, खुर्च्या आणि सरबत त्याच्याकडून, म्हणून प्रमुख पाहुणा. मागं पेपरवाला कॅमेरा घेऊन.

चर्चा सुरू झाली.

एसटीडी बूथवाला पहिला उठला. म्हणाला, बॉर्डरवर तारेचं कुंपण घाला, आणि एवढं जमत नसेल तर निदान पांडेसऱ्याला घाला. दुसऱ्यानं विचारलं, मग पहिल्या पाळीला आपण कुठून जायचं? बूथवाला म्हणाला, फाटक ठेवू. कुणीतरी म्हणालं, मग ते पण फाटकातूनच येतील. बूथवाला खाली बसला. एकानं सुचवलं, खोली भाड्यानं देणारालाच धरा, भाड्याची खोली मिळाली नाही तर माणूस राहील कुठं. त्याबरोबर बाबुराव खोकले, कारण गल्लीतल्या सहा खोल्या त्यांच्या. एक म्हातारा म्हणाला, पोट घेऊन आलेल्याला हाकलून काय होतं, पोट परत येतं. त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण मागं दोघांनी मान हलवली.

मग खानावळवाली उषाबाई उठली. परभणीकडची, आवाजाला माईक नको.

"का वो साहेब, मी एक पुसते," ती म्हणाली. "ह्यांला बलावतंय कोन? कागद नसलेला मानूस कमी पैशात राबतो, कुठं वरडत बी न्हाई. म्हनून त्याला काम भेटतं. काम भेटतं म्हनून त्यो येतो. कुंपण काय घालता, काम देनाराला धरा की."

सगळे ठाकोरभाईकडं बघायला लागले. ठाकोरभाईनं सरबताचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"सूचना चांगली आहे," बाबुराव घाईघाईनं म्हणाले, "वेळेअभावी आपण पुढं जाऊ."

फौजदारानं घड्याळ बघितलं. "कागदांचं काय झालं?" त्यानं विचारलं.

बाबुरावांचा चेहरा पडला. लाल वही त्यांनी मांडीखाली घेतली होती. अख्खी वही दिली तर अख्खी गल्ली संशयात, आणि अख्खी गल्ली गेल्यावर यांना मत कोण देणार? त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"साहेब, आमची गल्ली कशी आहे याचा एक नमुना मी तुमच्यापुढं उभा करतो. ज्याचे कागद सूर्यासारखे स्वच्छ आहेत असे आपले आदर्श रहिवासी, श्रीयुत काशीराम सुका पाटील. त्यांनी स्टेजवर यावं आणि शाल-नारळ स्वीकारावा."

धुडकूला खुर्चीतून उठवेना. बाजूच्यांनी काखेत हात घालून उठवला. तो पायरीजवळ पोचतोय तोवर बाबुरावांनी जोर लावून परत पुकारलं, "काशीराम सुका पाटील, मुक्काम अमळनेर तालुका, कुठं आहेत?"

कर्णा गल्लीभर बांधलेला. धुडकूच्या खोलीत पडलेल्या काशीरामानं डोळे उघडले. पंचावन्न वर्षांत त्याचं नाव कर्ण्यातून कुणी घेतलं नव्हतं. गावात तर सोसायटीची नोटीस सोडून त्याचं नाव कुणी पूर्ण घेतलं नव्हतं. शोभाबाईनं त्याचा सदरा धरला.

"दादा, तुम्हाला नाही ते."

"मलाच आहे," काशीराम म्हणाला. "बापाचं नाव पण घेतलं. माले नारय दी ऱ्हायनात." सदऱ्याचं टोक शोभाबाईच्या हातात राहिलं.

स्टेजवर धुडकूनं दोन्ही हातांनी नारळ घेऊन शालीसाठी मान वाकवली, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं कमरेवर हात ठेवून काशीराम चढला. त्यानं सगळ्यांना रामराम केला आणि नारळाला हात घातला. नारळाला आता चार हात.

"तू कोण?" फौजदार म्हणाला.

"काशीराम सुका पाटील."

"आणि हा?"

उत्तर ठाकोरभाईनं दिलं. "साहेब, हा काशीराम. सहा वरसथी माझ्या कापड रंगवायच्या जेट मशीनवर आहे. त्या दुसऱ्याला मी ओळखत नाय."

मागं पेपरवाला खुर्चीवर चढला. फौजदाराचे डोळे चमकले. इतक्या चर्चांना जाऊन त्याला पहिल्यांदा काहीतरी हाती लागत होतं.

"एक असली आणि एक नकली," तो म्हणाला. "चर्चा बस झाली. ओळखून दाखवा."

मग जे सुरू झालं त्याला परीक्षा म्हणायचं की जत्रा, कुणाला कळलं नाही. बाबुरावांनी विचारलं, गावातल्या मारुतीचं तोंड कुणीकडं? दोघं एकदम म्हणाले, दक्षिणेला. बूथवाला म्हणाला, परदेशी माणसाला तिखट सोसत नाही. उषाबाईच्या खानावळीतून ठेचा आणला. दोघांनी बोटानं चाटला, पापणी हलली नाही. ठेचा खरंच तिखट आहे की नाही हे बघायला बूथवाल्यानं चाटला, आणि त्याला दोघांनी धरून नळावर न्यावं लागलं. तेव्हा ठाकोरभाई म्हणाला, जेटमध्ये कापड अडकलं तर पहिलं काय करायचं?

"वाफ बंद, मग पंप बंद, मग झाकण," धुडकूच्या तोंडून सहा वर्षांची सवय बोलली.

"मुकादमाला शिवी घालायची," काशीराम म्हणाला. त्याच्या वेळी तीच पद्धत होती.

लोक हसले. फौजदार हसला नाही. त्यानं काशीरामाच्या खांद्यावर हात ठेवला. "हा नकली. घ्या याला."

शिपाई पायऱ्या चढले. काशीरामाच्या हातातला नारळ काढून घेतला. त्याला अजून समजलं नव्हतं. तो धुडकूकडं बघून म्हणाला, "सांग ना रे भो. मन्हं नाव सांग यांना."

धुडकूनं खाली बघितलं. गल्लीतली एकशे तीस माणसं आपापल्या पायांकडं बघत होती. तिसऱ्या रांगेत उखा चपलेचा पट्टा लावत होता आणि तो काही लागत नव्हता. कुणीही उठून एक शब्द बोललं असतं तरी संपलं असतं. पण बोलणाराला पहिलं विचारलं असतं, तू कोण?

धुडकूला ती नदी दिसली. तिच्यात हनुवटीपर्यंत उभा असलेला माणूस आता काशीराम होता, आणि त्याची पाठ दुखत होती.

"साहेब," धुडकू म्हणाला. "तो काशीराम आहे. खरा. मी धुडकू. त्याच्या पासावर मी काम करतो."

ठाकोरभाईनं ग्लास खाली ठेवला. "मने शुं खबर, साहेब," तो म्हणाला. "आपण पास बघतो. तोंड कोण बघतो?"

"ठीक आहे, तू धुडकू," फौजदार म्हणाला. "कागद दाखव."

"नाही."

"कुठं गेला?"

"नाल्यात टाकला."

"कधी?"

"आज सकाळी."

फौजदारानं शिपायाकडं बघितलं. शिपायानं त्याच्याकडं बघितलं. चर्चेच्या दिवशी सकाळी आपला कागद नाल्यात टाकणारा माणूस दोघांनीही आयुष्यात पाहिला नव्हता.

"साक्षीदार?" फौजदारानं मांडवाकडं बघून विचारलं. उखाच्या चपलेचा पट्टा तुटला. दुसरा आवाज आला नाही.

तेवढ्यात शोभाबाई धावत आली. काशीरामाच्या सदऱ्याचं टोक अजून तिच्या मुठीत होतं.

"माझा नवरा आहे तो," ती म्हणाली. "सोडा त्याला."

"बरं झालं आलीस. नाव सांग नवऱ्याचं."

शोभाबाईनं पदर कपाळावर ओढला. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्या तोंडानं ते नाव एकदाही उच्चारलं नव्हतं. तिच्या आईनं बापाचं घेतलं नव्हतं, आजीनं आजाचं घेतलं नव्हतं. नावाच्या जवळपास जाणारा शब्दही ती टाळायची. धुळ्याला ती 'ते मोठं गाव' म्हणायची, धुणं धुवायला जाताना 'कपडे घेऊन जाते' म्हणायची. आता शंभर पुरुषांपुढं, माईकपुढं, ते नाव?

"बोल की," धुडकू म्हणाला. "या वेळेला चालतं."

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द गळ्यापर्यंत आला आणि लाज वाटून परत गेला.

"माहीत नाही वाटतं," फौजदार म्हणाला आणि शिपायाकडं वळला. "लिही. नाव सांगतो धुडकू. कागद नाही. साक्षीदार नाही. बायकोला नाव माहीत नाही."

काशीरामाला शाल मिळाली, नारळ मिळाला, फोटोत बाबुरावांच्या शेजारी जागा मिळाली. धुडकूला जीप मिळाली. पेपरात दुसऱ्या दिवशी दोन्ही फोटो आले. खाली लिहिलं होतं, चर्चा फलद्रूप.

चौकीत धुडकूला बाकावर बसवलं. फॉर्ममध्ये एक रकाना होता, मूळ देश. हवालदारानं विचारलं. धुडकू म्हणाला, अमळनेर. हवालदार म्हणाला, देश विचारला, गाव नाही. धुडकू म्हणाला, देशावरच जातो आम्ही, दिवाळीला. हवालदारानं रकाना मोकळा ठेवला आणि सांगितलं, साहेब ठरवतील. त्यानंतर बाहेर कोणतीही गाडी थांबली की धुडकू उठून उभा राहायचा, ओळखत नसलेल्या देशात जायला. त्याला पाणी दिलं तर पिववेना. पाण्याचीच भीती बसली होती.

सोमवारी दुपारी एक गाडी थांबली आणि आतून ठाकोरभाई उतरला. तोंड वाळलेलं.

झालं असं होतं की जीप गेल्यावर दहा मिनिटांत मांडव रिकामा झाला, आणि दोन तासांत गल्ली. लाल वहीत आपलं नाव आहे हे सगळ्यांना माहीत होतं. उधना स्टेशनवर प्लेगनंतर एवढी गर्दी कुणी पाहिली नव्हती. जाताना, आपल्या खिशात दुसऱ्याचं नाव सापडू नये म्हणून, सगळ्यांनी आपापले पास मिलच्या फाटकातून आत टाकले होते. सकाळी पहिल्या पाळीला भोंगा झाला आणि फाटकाशी फक्त कुत्रं उभं होतं. सगळ्या मशिनी गार. साड्यांचा माल अर्धा पिवळा, अर्धा पांढरा.

"हा माझा माणूस आहे," ठाकोरभाई फौजदाराला म्हणाला.

"कोण आहे हा?"

"कोण पण असू दे. जेट चालवतो."

दोघं आतल्या खोलीत गेले, बाहेर आले. मूळ देशाचा रकाना मोकळाच राहिला. धुडकूला म्हणाले, जा.

बाहेर ठाकोरभाईनं गाडीतून पासांची पिशवी काढली, हात घालून एक पास ओढला. "घे. आजपासून तू हा."

धुडकूनं वाचलं. नितीन. उखा ज्याच्या नावावर काम करायचा तो पास.

"शेठ," तो म्हणाला, "एवढं झालंच आहे तर या वेळी धुडकूच लिहा ना. माझं नाव आहे ते."

ठाकोरभाईनं मागं चौकीकडं बोट दाखवलं. "धुडकूचं नाव आत रजिस्टरमध्ये आहे. त्याचा तपास चालू आहे. त्या नावाचा माणूस मने गेटवर दिसला, तर साहेबांना फोन मीच करणार. समज्यो?"

धुडकू समजला. सगळ्या सुरतेत कोणतंही नाव त्याला चाललं असतं, फक्त त्याचं स्वतःचं सोडून.

घरी आला तर काशीराम गावाला निघाला होता. पिशवीत शाल, नारळ आणि रेशनकार्ड. शोभाबाई रडून रडून सुजली होती. "मी घेतलं होतं हो नाव," ती म्हणाली, "तुम्हाला नेल्यावर. घरात. दार लावून." धुडकूनं तिला गप्प बसायची खूण केली, खिडकी बघितली, आणि म्हणाला, "परत घेऊ नको."

गुरुवारपासून माणसं परतायला लागली. गावाला जाऊन पोट भरत नाही हे सगळ्यांना चौथ्या दिवशी आठवलं. धुडकू दुसऱ्या पाळीला फाटकाशी पोचला तर तिथं उखा उभा होता. सहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेला उखा, प्लेगमध्ये शोभाबाईला खांद्यावर घालून स्टेशनला नेणारा उखा. पहारेकरी नवा होता, बिहारकडचा. तो उखाला आत सोडत नव्हता.

"ये क्या बोलता है, देखो," पहारेकरी धुडकूला म्हणाला. "बोलता है इसका पास अंदर है. नितीन नाम का."

"धुडकू," उखा म्हणाला. धुडकूला बघून त्याला बरं वाटलं होतं. "बरं झालं. भो, मन्हा पास कोनाजोडे शे, माहीत आहे का तुला?"

धुडकूचा हात आपोआप खिशावर गेला. रस्त्यावरून एक जीप येत होती. कुणाची होती, कुठं जात होती, त्यानं बघितलं नाही. त्याला फक्त आवाज ऐकू आला.

"इसको पहचानते हो?" पहारेकऱ्यानं विचारलं.

उखा हसत उभा होता. वाट बघत होता.

"नाही," धुडकू म्हणाला. "नितीन मी आहे."

त्यानं पास दाखवला, पहारेकरी बाजूला झाला. मागून उखानं एकदाच हाक मारली, मोठ्यानं, पूर्ण नावानं. धुडकू थांबला नाही. पाळीचा भोंगा झाला. जेटचं झाकण तीनदा लावलं तरी त्याच्याकडून बसेना, तेव्हा बाजूच्या मशीनवरच्यानं विचारलं, ताप आला का?

"हो," तो म्हणाला, आणि वाफ सुरू केली.